योगायोगाची भुरळ

४ जुलै १८२६ हा दिवस अमेरिकेत मोठ्या थाटाने साजरा होत होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे पूर्ण होत होती. शहरोशहरी तोफांच्या सलाम्या झडत होत्या, घंटा वाजत होत्या. त्याच दिवशी भर दुपारी, व्हर्जिनियातील माँटिचेलो येथील आपल्या घरी, जाहीरनाम्याचे लेखक टॉमस जेफर्सन यांनी प्राण सोडला. ते ८३ वर्षांचे होते. त्यानंतर काही तासांनी, शेकडो मैल दूर असलेल्या क्विन्सी गावी, ९० वर्षांचे जॉन ॲडम्स निवर्तले. जाहीरनामा मंजूर व्हावा म्हणून सर्वांत हिरिरीने झगडलेले ते हेच ॲडम्स. दोघेही अमेरिकेचे अध्यक्ष होऊन गेलेले. आधी स्नेही, मग कडवे प्रतिस्पर्धी आणि उतारवयात पत्रव्यवहारातून पुन्हा स्नेही. ‘जेफर्सन अजून आहे,’ अशा अर्थाचे शब्द अंतकाळी ॲडम्स यांच्या तोंडून निघाले, असे सांगतात. जेफर्सन तेव्हा या जगात नव्हते; पण तारायंत्र नसलेल्या त्या काळी ही वार्ता क्विन्सीला कोण पोहोचवणार? पुढे पाच वर्षांनी, १८३१ मध्ये, जेम्स मन्रो हे आणखी एक माजी अध्यक्ष वारले. तोही दिवस ४ जुलैच होता!

असे काही वाचले की अंगावर काटा उभा राहतो. १८२६ साली अमेरिकेतील पुष्कळांनी हा ईश्वरी संकेतच मानला. ॲडम्स यांचे चिरंजीव जॉन क्विन्सी हे तेव्हा स्वतः अध्यक्ष होते. त्यांनाही तसेच वाटले. त्यांना हसण्याचे कारण नाही. जिथे दोन गोष्टी जुळतात तिथे त्यांच्यामागे कोणाचा तरी हात असला पाहिजे, असे वाटणे हा मनुष्याचा स्वभावच आहे.

आपल्या पूर्वजांनी मात्र या स्वभावाला एका म्हणीने लगाम घातला होता. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली,’ असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा तो कावळ्याला दोष देत नाही. मूठभर वजनाच्या पाखराने फांदी तुटत नसते. ती आतून किडलेली असते. पण पाहणाऱ्याची दृष्टी कावळ्यावरच खिळते, आणि किडीकडे कोणी पाहत नाही.

योगायोग वाटतात तितके दुर्मिळ नसतात, हे एका साध्या हिशेबाने समजते. कोणतीही तेवीस माणसे एकत्र आणली, तर त्यांतील कोणा तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याचा संभव निम्म्याहून किंचित अधिक असतो. तेवीस हा आकडा लहान दिसतो. पण तेवीस जणांच्या जोड्या लावू गेल्यास त्या २५३ होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे नवल कमी होते. चाळीस मुलांच्या दहा वर्गांत शोध घेतला, तर साधारणपणे नऊ वर्गांत अशी जोडी मिळावी. ज्याला खोटे वाटेल त्याने शेजारच्या वर्गांत जाऊन विचारावे. इतिहासात तर माणसे कोट्यवधी आणि घटना असंख्य. त्यांतील जुळलेल्या तेवढ्या वेचल्या जातात. न जुळलेल्यांची वही कोणी ठेवत नाही. गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर तीनशे वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ८ जानेवारी १९४२ रोजी, स्टीफन हॉकिंग जन्मले. हे सांगताना ते स्वतःच पुस्ती जोडीत, की त्या दिवशी जगात आणखी सुमारे दोन लाख मुले जन्मली असतील!

जेफर्सन आणि ॲडम्स यांची गोष्ट एवढ्याने पुरती सुटत नाही, हेही कबूल केले पाहिजे. आदल्या रात्री शुद्धीवर येताच जेफर्सन यांनी, चार तारीख उजाडली का, असे विचारले होते. त्या दिवसापर्यंत जगण्याची आस त्यांना लागली होती. ती आस हे एक मानवी कारणच नव्हे काय?

काही योगायोग तर जवळ जाताच विरून जातात. शेक्सपिअर आणि सर्वान्तेस हे दोन थोर साहित्यिक २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी वारले, असे पुष्कळदा लिहिले जाते. पण स्पेनने नवे कॅलेंडर १५८२ सालीच स्वीकारले होते, आणि इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्यालाच चिकटून राहिले. त्यामुळे तारीख एक धरली तरी दोन दिवसांत दहा दिवसांचे अंतर होते. लिंकन आणि केनेडी यांच्याविषयीची साम्यांची यादीही अशीच प्रसिद्ध आहे. एक १८६० मध्ये निवडून आले, दुसरे १९६० मध्ये. दोघांवरही शुक्रवारी गोळ्या झाडल्या गेल्या. दोघांच्याही जागी जॉन्सन नावाचे गृहस्थ आले. एवढे सारे खरे. पण यादी लांबवण्याचा मोह कोणाला तरी आवरला नाही. लिंकन यांच्या चिटणीसाचे नाव केनेडी होते, असे तिच्यात घुसडण्यात आले. लिंकन यांचे चिटणीस निकोले आणि हे या आडनावांचे होते. केनेडी नावाच्या चिटणिसाचा कोठेही पुरावा नाही. खऱ्याने समाधान होत नाही, तेव्हा मनुष्य खोट्याची भर घालतो.

ही सारी करमणूक म्हणून सोडून देता येईल. पण एक योगायोग असा आहे, की त्याची भुरळ पडू देणे बरे नव्हे.

१८९८ मध्ये मॉर्गन रॉबर्टसन या अमेरिकन लेखकाची एक कादंबरिका प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘टायटन’ नावाचे एक प्रचंड जहाज आहे. ते बुडणे अशक्य, असा सर्वांचा समज आहे. त्याची लांबी ८०० फूट. जीवरक्षक नौका कायद्यापुरत्या. एप्रिल महिन्यात, उत्तर अटलांटिक महासागरात, ते हिमनगावर आदळते आणि बुडते. चौदा वर्षांनी, १४ एप्रिल १९१२ च्या रात्री, ८८२ फूट लांबीचे ‘टायटॅनिक’ त्याच महासागरात हिमनगावर आदळले आणि पहाटेपूर्वी तळाला गेले. सुमारे दीड हजार माणसे प्राणांस मुकली. लेखकाला भविष्य दिसले होते, असे तेव्हापासून आजपर्यंत अनेकजण सांगत आले आहेत.

परंतु रॉबर्टसन यांनी तरुणपणी व्यापारी जहाजांवर नोकरी केली होती. जहाजे वर्षागणिक मोठी होत आहेत, ती वेगाने हाकली जात आहेत, वसंतात त्या मार्गावर हिमनग वाहत येतात आणि सर्वांना पुरतील इतक्या नौका कोणी ठेवीत नाही, हे सारे त्यांना ठाऊक होते. अवाढव्य जहाजाला ग्रीक पुराणातील टायटन या महाकाय देवांचे नाव सुचावे, यातही फारसे नवल नाही. शिवाय जे जुळत नाही ते सांगितले जात नाही. कादंबरीतील जहाज अमेरिकेहून निघालेले आहे, खरे जहाज अमेरिकेकडे चालले होते. आणि हिमनगापूर्वी ‘टायटन’ एका दुसऱ्या जहाजाला धडकून त्याचे दोन तुकडे करते.

भविष्य म्हटले की दोष कोणाचाच उरत नाही. लिहिलेले होते ते घडले, असे म्हणून सगळे मोकळे होतात. दोष तर होता, आणि तो मोजताही येत होता. ‘टायटॅनिक’वर सुमारे २,२०० माणसे होती, वीस नौकांत मिळून जागा होती ती १,१७८ जणांची. तरीही कायद्याचा भंग झाला नव्हता! ब्रिटिश सरकारचा नियम १८९४ चा होता. १०,००० टनांहून मोठ्या जहाजाने सोळा नौका ठेवाव्यात, एवढेच तो सांगत होता. पुढे जहाजे ४६,००० टनांची झाली. नियम होता तिथेच राहिला. त्या दिवशी हिमनगांविषयी इशारे देणारे बिनतारी संदेश अनेकदा आले होते. पण जहाजाचा वेग कमी करण्यात आला नाही. पहिल्या नौका तर अर्ध्याहून रिकाम्या उतरवल्या गेल्या. पासष्ट जणांची सोय असलेल्या एका नौकेत अवघे अठ्ठावीस जण बसले होते. थंडगार पाण्यात शेकडो माणसे मरत असताना नौकांतील साडेचारशेहून अधिक जागा मोकळ्या होत्या.

अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत या अपघाताची चौकशी झाली. चौकशी करणाऱ्यांनी विचारले ते नौकांविषयी, वेगाविषयी आणि संदेशांविषयी. १९१३ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला अनेक राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. जहाजावर जितकी माणसे तितक्या जागा नौकांत असाव्यात, आणि बिनतारी यंत्रापाशी रात्रंदिवस माणूस बसावा, असे त्यांनी ठरवले. हिमनगांवर पहारा ठेवण्याचे कामही त्याच सुमारास सुरू झाले. दोन महायुद्धांचा काळ सोडला, तर तो पहारा अजून चालू आहे. पूर्वी जहाजांवरून आणि पुढे विमानांतून माणसे उत्तर अटलांटिकवर नजर ठेवीत आली, आणि कोठे हिमनग दिसला की त्याची जागा त्या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला कळवली जाते.