तारांचे जाळे आणि सहकाराची वाट

इंटरनेट ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, हे पटण्यासाठी शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या रेशन दुकानापुढील रांग पाहणे पुरेसे आहे. धान्य हाती पडण्यापूर्वी यंत्रावर अंगठा उमटवावा लागतो आणि ते यंत्र जाळ्याशी जोडलेले असावे लागते. जोडणी तुटली की शेतमजूर स्त्रीला रिकामी पिशवी घेऊन परतावे लागते व दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा यावे लागते. सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती ही सारी कामे आज त्याच तारेवर अवलंबून आहेत. शासनाने नागरिकाचे हक्क तारेवर टांगले; मात्र ती तार कोणाच्या मालकीची असावी, या प्रश्नाचा निकाल बाजारावर सोपवला.

बाजाराने दिलेला निकाल सर्वांसमोर आहे. २०१६ साली रिलायन्स जिओ मोबाइल सेवेत उतरल्यावर दरयुद्ध पेटले. लहान कंपन्या बुडाल्या किंवा मोठ्यांत विलीन झाल्या. मैदान मोकळे झाल्यानंतर, जुलै २०२४ मध्ये, उरलेल्या तिन्ही खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले. स्पर्धेतून मक्तेदारी जन्मते, हा समाजवाद्यांचा जुना सिद्धान्त याहून स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाला असेल.

घराघरांत तार पोहोचविणारा स्थानिक पुरवठादार या मक्तेदारीपुढे एकाकी उभा आहे. बहुधा तो पूर्वीचा केबलचालकच असतो. तो विजेच्या खांबांवरून आपली तार ओढतो, त्याच खांबावरून त्याचा प्रतिस्पर्धीही ओढतो, आणि रस्तारुंदीचे यंत्र आले की दोघांच्याही तारा एकाच दिवशी तुटतात. ऑप्टिकल फायबर जमिनीखालून न्यायचे, तर मोठा खर्च तारेचा नसून चर खणण्याचा असतो. तीन पुरवठादारांनी एकाच रस्त्याला तीन चर खणावेत आणि तिहेरी खर्च गिऱ्हाइकाकडून वसूल करावा, हा निव्वळ राष्ट्रीय अपव्यय होय.

या अपव्ययाचा अर्थ दौंडच्या माणसाला विशेष समजावून सांगावा लागू नये. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाला १८७८ साली मनमाडचा फाटा येऊन मिळाला आणि दौंड जंक्शन बनले. गाड्या, माल आणि माणसे तेथे एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाऊ लागली. १९१४ साली दौंड-बारामती मार्ग मात्र अरुंद रुळांचा झाला. तेव्हा प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढविणे ओघानेच आले. मार्ग परस्परांना जुळणारे असतील तरच जंक्शनला अर्थ असतो.

इंटरनेटच्या जाळ्यांचेही तसेच आहे. इंटरनेट हे एकच जाळे नसून हजारो स्वतंत्र जाळ्यांचा संघ आहे. कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जावे, हे ही जाळी परस्परांना सतत कळवीत असतात. शिरूरमधील एका पुरवठादाराच्या ग्राहकाने दौंडमधील दुसऱ्या पुरवठादाराच्या ग्राहकाशी थेट संपर्क साधला, तर तो संदेश या दोन जाळ्यांची गाठ पडते तिथवर, म्हणजे बहुधा मुंबईपर्यंत, जाऊन परत येतो. भीमेच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाण्यासाठी खंडाळ्याचा घाट दोनदा ओलांडायचा आणि प्रत्येक वेळी बड्या कंपनीला भाडे मोजायचे, अशी ही व्यवस्था आहे.

राष्ट्रीय पातळीवर हीच विसंगती पूर्वी अनुभवास आली होती. दोन भारतीय पुरवठादारांमधील संदेश परदेशातून फिरून येत. त्यावर उपाय म्हणून २००३ साली ‘निक्सी’ ही ना नफा तत्त्वावरील संस्था स्थापन झाली आणि सदस्य पुरवठादार देशातला व्यवहार देशातच परस्परांशी करू लागले. स्पर्धकांनी गाठीची जागा सामाईक ठेवली म्हणून स्पर्धा मेली नाही. उलट लहानांना श्वास घेता आला. हे तत्त्व महानगरांपाशी थांबावे, याला कोणतेही शास्त्रीय कारण नाही. शिवाय लोकप्रिय चित्रफितींचा साठा ठेवणारी यंत्रे बड्या कंपन्या ज्याची उलाढाल मोठी त्याच्याकडेच बसवितात. एकटा लहान पुरवठादार त्या निकषात बसत नाही. दहा जण एकत्र आले तर बसू शकतात. घाऊक क्षमता एकत्रित विकत घेतली तर दरही कमी पडतो. कामगार संघटना करतो तेव्हा जो न्याय लागू होतो, तोच येथेही लागू आहे.

एकत्र येण्याला सुरक्षिततेचेही कारण आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानातील एका कंपनीने चुकीची वाट जाहीर केली आणि जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब काही काळ बंद पडले. वाटांची ही देवघेव मुख्यतः परस्परविश्वासावर चालते. आपल्या वाटांची रीतसर नोंद करणे आणि शेजाऱ्याने कळविलेली वाट पडताळून घेणे ही शिस्त एकट्यादुकट्याने पाळून भागत नाही.

सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले जाळे येथे आधार ठरू शकते. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे तिला ‘भारतनेट’ नाव मिळाले आणि महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ म्हणून राज्य शासनाने हाती घेतले. दोन वर्षांत संपवायचे काम दशक उलटले तरी रेंगाळले. बांधणीतही उणीव राहिली. तालुक्यापासून गावागावांत सरळ रेषेत नेलेली तार एका ठिकाणी तुटली की पुढची सारी गावे अंधारात जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत वर्तुळाकार बांधणी स्वीकारली गेली. शिरूर आणि दौंड या दृष्टीने नैसर्गिक जोडीदार आहेत. पुण्याहून अहिल्यानगर रस्त्याने शिरूरला आणि सोलापूर रस्त्याने दौंडला येणारे मार्ग न्हावरे-चौफुला रस्त्याने भीमेवर जोडले, तर एका बाजूची तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील.

तथापि, ‘सहकार’ हा शब्द उच्चारताच सारे साधते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्यात आली. कालांतराने त्या संगणकांचा उपयोग प्रामुख्याने कारखान्याच्या उसाच्या नोंदींपुरता उरला. श्रीरामपूर-राहुरी परिसरात मुळा-प्रवरा सहकारी संस्थेने अनेक वर्षे वीज वाटली. थकबाकीचा डोंगर वाढत गेला आणि २०११ साली हे काम महावितरणकडे गेले. साखर कारखानदारीत सभासदांची संस्था घराण्याची जहागीर कशी होते, हे पुणे जिल्ह्याला नव्याने सांगण्याचे कारण नाही. म्हणून सामाईक जाळ्याचे हिशेब उघडे असले पाहिजेत, त्याच्या कारभारात पुरवठादारांबरोबर ग्राहक व तारा ओढणारे कामगार यांचे प्रतिनिधी असले पाहिजेत, आणि कोणाही एकाला दुसऱ्याची वाट अडविता येता कामा नये. स्पेनमधील कॅटलोनियात २००४ पासून ‘ग्विफी’ हे सामाईक जाळे याच पद्धतीने वाढले आहे. तेथे जाळे सर्वांचे. व्यवसाय करणाऱ्यांनी वापराच्या प्रमाणात खर्चाचा वाटा उचलायचा.

मागण्या तीन आहेत. रस्त्याचे काम निघेल तेव्हा सार्वजनिक खर्चाने एकच सामाईक नळी टाकावी आणि ती सर्व पुरवठादारांना समान दराने खुली ठेवावी. १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या मार्गाधिकाराच्या नियमांनी सामाईक नळ्यांची कल्पना मान्य केली आहे. अंमलबजावणीचा आग्रह स्थानिक संस्थांनी धरावा. भारतनेटचे गावातील फायबर लहान पुरवठादारांना व सहकारी संस्थांना भेदभाव न करता मिळावे. आणि दोन्ही तालुक्यांतील जाळ्यांची गाठ याच परिसरात पडेल अशी जागा उपलब्ध व्हावी.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हा विषय अभियंत्यांचा म्हणून बाजूस ठेवू नये. ग्रामसभेत भारतनेटची पेटी चालू आहे की बंद, हे विचारण्यापासून आरंभ करता येईल. उत्तर लेखी घ्यावे, ते गावकऱ्यांना वाचून दाखवावे, आणि तहसील कचेरीवर मोर्चा न्यायची वेळ आलीच तर त्यात रेशनच्या रांगेतील स्त्रिया आणि खांबावर चढणारे कामगार एकत्र असतील, याची तजवीज आतापासून करावी.