गोड ज्वारीतली साखर आधी कोण पितं? इथेनॉलच्या चर्चेत मागे पडलेला मावा

इथेनॉलचा विषय निघाला की ऊस आणि मका ही नावं आधी येतात. पण केंद्र सरकारच्या २०१८च्या जैवइंधन धोरणात आणखी एका पिकाचं नाव आहे, ते म्हणजे गोड ज्वारी. दिसायला नेहमीच्या ज्वारीसारखीच, पण ताटात उसासारखा गोड रस. साधारण चार महिन्यांत तयार होते, पाणी उसापेक्षा बरंच कमी लागतं आणि वर कणीसही मिळतं. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं या पिकावर अनेक वर्षं काम केलंय. 'मधुरा' हे वाण तिथलंच.

डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले आणि एकाच पिकावर विसंबून राहण्यातला धोका दिसला. मग गोड ज्वारी का नको? उत्तरात बाजारभाव, गाळपाची सोय असे बरेच मुद्दे येतात. त्यात एक कीड मात्र सहसा येत नाही. ती म्हणजे मावा.

मावा नेमकं काय करतो?

पानात तयार झालेली साखर बारीक नलिकांमधून ताटाकडे जाते. मावा पानाच्या खालच्या बाजूला बसतो आणि सुईसारखी सोंड थेट या नलिकेत खुपसतो. या रसात साखर भरपूर असते, पण त्याला हवी असलेली पोषक द्रव्यं कमी. म्हणून तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस ओढतो आणि उरलेली साखर बाहेर टाकतो. सोलापूर-मराठवाड्यातले ज्वारी उत्पादक ज्याला 'चिकटा' म्हणतात, तो हाच. चिकट्यावर काळी बुरशी वाढते, पानाला ऊन मिळत नाही आणि नवी साखर बनणंही मंदावतं.

धान्याच्या ज्वारीत यामुळे दाणा बारीक राहतो, कडब्याची प्रत जाते. गोड ज्वारीत फटका जास्त थेट बसतो, कारण शेतकरी जे विकणार तेच मावा पितो. त्यात ताटात साखर साठण्याचा काळ फुलोऱ्यानंतरचा, आणि माव्याचा जोरही बहुतेकदा याच सुमारास असतो. रसही कमी, गोडीही कमी.

शिवाय मादीला नराची गरज नसते. ती थेट पिल्लांनाच जन्म देते, त्याही माद्याच. आठवडाभरात त्यांचीही पिल्लं सुरू. दोन आठवडे शेतात फेरी झाली नाही, तर चित्र पूर्ण बदललेलं असतं.

अमेरिकेत काय झालं?

'उसावरचा मावा' म्हणून ओळखली जाणारी कीड अमेरिकेत आधीपासून होती आणि उसावरच राहायची. २०१३ मध्ये टेक्सासच्या किनारपट्टीत ती अचानक ज्वारीवर दिसली. २०१५ पर्यंत १७ राज्यांत पसरली. हा माव्याचा नवा वंश होता. पुढे २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी ज्वारीवरचा मावा ही वेगळी प्रजाती असल्याचं मांडलं. तोवर नाव उसाचं आणि नुकसान ज्वारीचं, असा प्रकार चालू होता!

केंटकी, टेनेसीमध्ये गोड ज्वारीचा रस आटवून काकवीसारखा पाक करतात. तिथल्या छोट्या उत्पादकांची अडचण वेगळी होती. रस थेट खाण्यात जाणार, म्हणजे फवारणी आणि कापणीत ठरावीक अंतर हवंच. त्यात पीक थोड्या एकरांवरचं, त्यामुळे धान्याच्या ज्वारीला मंजूर असलेलं प्रत्येक औषध यांना वापरता येईना.

मग वाचवलं कुणी?

मोठा वाटा प्रतिकारक वाणांचा. चीनमधल्या एका ज्वारीत 'आरएमईएस१' हा प्रतिकाराचा जनुकीय भाग सापडला होता. हैतीत माव्यानं ज्वारी उद्ध्वस्त केल्यावर तिथल्या पैदास कार्यक्रमातली जी झाडं तगली, त्यांच्यातही हाच भाग निघाला. त्याचा माग इथियोपियाच्या जुन्या ज्वारीपर्यंत जातो. जनुकपेढीत जपून ठेवलेलं बियाणं असं कामाला येतं.

प्रतिकारक झाड माव्याला नलिकेतून निवांत पिऊ देत नाही. त्याची वाढ आणि पिल्लं दोन्ही घटतात. काही वाणांवर मावा बसायचंच टाळतो, तर काही मावा अंगावर घेऊनही तग धरतात. गोड ज्वारीत मात्र हा शेवटचा प्रकार फारसा उपयोगाचा नाही. झाड हिरवं राहिलं तरी प्यायलेली साखर गेलेलीच असते.

एकाच जनुकावर भिस्त ठेवणंही महागात पडू शकतं. १९८०च्या सुमारास अमेरिकेत 'ग्रीनबग' या दुसऱ्या माव्याच्या नव्या प्रकारानं तेव्हाच्या प्रतिकारक ज्वारीवर मात केली होती. म्हणून प्रतिकारक वाणासोबत वेळेवर पेरणी आणि ढालकिडा, क्रायसोपा या मित्रकीटकांना सांभाळणंही आलं. सरसकट कीटकनाशक मारलं तर आधी हेच मरतात.

गोड ज्वारीचं वाण निवडताना रसाचा गोडवा आणि एकरी टनेज पाहिलं जातं. कारखाना शेतकऱ्याशी करार करणार असेल, तर तिसरा प्रश्न तिथेच विचारायला हवा: माव्याचा हल्ला झालेल्या वर्षी या वाणानं रस किती दिला?