गाठ धरण्याआधीची लढाई

द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, हे शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते. मात्र या सहजीवनासाठी जिवाणूची कोणती जनुके अपरिहार्य आहेत, याचा समग्र हिशेब अलीकडेच हाती आला. ऑक्सफर्ड विद्यापीठातील फिलिप पूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटाण्याच्या मुळांवरील जिवाणूचा असा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला.

पद्धत सोपी, पण चिकाटीची आहे. डीएनएचा एक छोटा तुकडा जिवाणूंच्या जनुकसंचात यदृच्छया घुसवला जातो. तो जेथे बसतो ते जनुक निकामी होते. असे हजारो उत्परिवर्ती जिवाणू एकत्रच मुळाशी सोडायचे आणि कोणत्या टप्प्यावर कोण नाहीसे होते, हे पाहायचे. जे जनुक बिघडल्यावर जिवाणू मागे पडतो, ते त्या टप्प्यापुरते आवश्यक.

या जिवाणूत सात हजारांहून अधिक जनुके आहेत. स्पर्धेत टिकून गाठ धरण्यासाठी आणि नत्र स्थिर करण्यासाठी त्यांपैकी ५९३ लागतात, असे आढळले. जनुकसंचातील अशा एकूण ६०३ आवश्यक भागांपैकी १४६ तर मुळाभोवतीच्या वाढीपासून नत्र स्थिर करण्यापर्यंत सतत लागतात. म्हणजेच सहजीवनाचा बराचसा निकाल गाठ तयार होण्यापूर्वीच, मुळाभोवतीच्या गर्दीत लागतो.

हा निष्कर्ष आपल्या शेतीलाही लागू पडणारा आहे. पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम चोळण्याची शिफारस महाराष्ट्रात जुनीच आहे. तरीही अनुभव संमिश्र असतो. शेतातील मूळचे जिवाणू संख्येने प्रबळ असले, की पाकिटातील जिवाणू कार्यक्षम असूनही मुळापर्यंत पोचत नाहीत. जैविक खते २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. त्यातील निकष जिवंत पेशींची संख्या आणि गाठी धरण्याची क्षमता पाहतात. मातीतील प्रतिस्पर्ध्यांपुढे टिकण्याची क्षमता पाहत नाहीत.

वाटाण्याची यादी तूर वा सोयाबीनला जशीच्या तशी चालणार नाही. त्यांचे सोबती जिवाणू वेगळे आहेत. पण पद्धत तीच वापरता येईल. युरियासाठी आयात नैसर्गिक वायूवर विसंबणाऱ्या देशाने आपल्या डाळींच्या जिवाणूंचा असा हिशेब आपल्याच मातीत मांडणे, ही चैन नसून गरज आहे.