बिघाड रेडिओत नव्हता

तर मंडळी, गोष्ट २०१९ च्या पावसाळ्यातली. बाबांनी त्यांचा रेडिओ कपाटावर ठेवून दिला. कित्येक वर्षं सकाळचा चहा आणि आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ, हे ठरलेलं. पण आता लावला की नुसती घरघर. "राहू दे रे, रेडिओही म्हातारा झाला आणि माझे कानही," म्हणाले. मीही मान डोलावली, ह्याची आज लाज वाटते.

मग एका संध्याकाळी लाईट गेली. सहज म्हणून तोच रेडिओ सेलवर लावला, तर बातम्या अगदी खणखणीत! लाईट आली, पुन्हा घरघर. मग एकेक बटण बंद करत घरभर फिरलो. दोन आरोपी सापडले: रस्त्यावर घेतलेला स्वस्तातला एलईडी बल्ब आणि मोबाईलचा बिननावाचा चार्जर. दोन्ही मीच आणलेले!

असा चार्जर वीज सेकंदाला हजारो वेळा, कधी लाखभर वेळाही, चालू-बंद करून तिचा दाब उतरवतो. त्यातून उठणारा गोंगाट पटीपटीने वर चढत मीडियम वेव्हच्या पट्ट्यात घुसतो आणि घरातलं वायरिंगच त्याची एरियल होतं. तो अडवायला चार्जरच्या तोंडाशी एक छोटी कॉइल आणि एक-दोन कपॅसिटर लागतात. बस्स. मी तो चार्जर उघडून पाहिला. आत कॉइलची जागा छापलेली होती, पण कॉइल नव्हती. तिथे तारेचा एक तुकडा डकवलेला. म्हणजे आराखडा करणाऱ्याला सगळं ठाऊक होतं, बनवणाऱ्याने पैसे वाचवले.

रेडिओ ऐकताना असा व्यत्यय येऊ नये म्हणून सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ सालीच स्थापन झाली. तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं, असं म्हणायला जागा नाही.

ह्यावर ठरलेलं उत्तर येतं, "आता रेडिओ ऐकतो कोण?" माझं डोकं फिरतं ते इथे. आपला कचरा शेजारच्या अंगणात टाकायचा आणि वर विचारायचं, तिथे राहतं कोण? अहो, माझे बाबा ऐकतात! आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दूरच्या दीर्घिकांचे अतिक्षीण रेडिओ तरंग ऐकतात. माणसांच्या यंत्रांचा गोंगाट ही तिथल्या शास्त्रज्ञांचीही कायमची डोकेदुखी आहे.

असो. बल्ब बदलला, चार्जर टाकून दिला. बाबांचा रेडिओ कपाटावरून खाली आला, कानांची तक्रारही थांबली. तुमच्याही घरी कुणी रेडिओ 'बिघडला' म्हणून ठेवून दिला असेल, तर त्यात सेल घाला, मेन स्विच बंद करा आणि पुन्हा लावून बघा. मग म्हातारं कोण झालंय ते ठरवू.