मायानगरीचे खोत

संगणकावरील खेळातील तलवार खऱ्या पैशाने विकली जाते, हे ऐकले की चळवळीतील जुने कार्यकर्ते हसतात. श्रीमंतांच्या पोरांचे चोचले, याहून अधिक महत्त्व ते या प्रकाराला देत नाहीत. त्यांचे हसणे समजण्यासारखे असले तरी ते महागात पडणारे आहे. जी तलवार कोणाच्या हाताला लागत नाही, ती मिळविण्यासाठी कोणीतरी बारा बारा तास राबत असते. आणि त्या बारा तासांत काल्पनिक असे काहीही नसते.

१९९९ मध्ये निघालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळात नॉराथ नावाचा एक काल्पनिक देश होता. खेळाडू लिलावात एकमेकांना जे विकत होते त्यावरून एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये त्या देशाचे दरडोई उत्पन्न काढले. ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान कोठेतरी आले! विद्वानांना याची मौज वाटली. दलालांनी मात्र लगेच वही उघडली. आयजीई या दलाली कंपनीच्या पदरात २००६ मध्ये गोल्डमन सॅक्स आणि इतर गुंतवणूकदारांनी सहा कोटी डॉलर टाकले. तो पैसा जमवून देणारे गृहस्थ स्टीव्ह बॅनन. हेच पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार झाले. खेळ पोरांचा असेल, भांडवल पोरांचे नव्हते.

हे सोने खणून काढीत होते चीनमधील तरुण. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तेच तेच राक्षस मारायचे, त्यांच्याकडून पडणारी नाणी गोळा करायची, आणि ती मालकाच्या खात्यात भरायची. नानजिंगमधील अशा एका कारखान्याचा वृत्तांत २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीत प्रसिद्ध झाला. तेथे रात्रपाळी बारा तासांची आणि आठवड्याचे सातही दिवस. महिन्यातून दोन-तीन रात्री काय ती सुटी. शंभर नाण्यांमागे मजुराला दहा युआन, म्हणजे सुमारे सव्वा डॉलर मिळे. मालक तीच नाणी तीन डॉलरला किंवा थोड्या अधिक दराने दलालाला विकी, आणि अमेरिकेतील किंवा युरोपातील गिऱ्हाइकाकडून दलाल वीस डॉलरपर्यंत उकळी. रुपयातले सव्वासहा पैसे मजुराचे! विडीच्या कारखानदारालाही हा हिशेब पाहून हेवा वाटावा.

याहून काळा अध्याय जिशी येथील श्रमछावणीचा आहे. तेथे शिक्षा भोगलेल्या एका कैद्याने २०११ मध्ये ‘गार्डियन’ला सांगितले की, दिवसा दगड फोडून झाल्यावर रात्री कैद्यांना संगणकापुढे बसवून खेळातले सोने काढायला लावीत. ठरलेला कोटा भरला नाही तर मार बसे. पैसा पहारेकऱ्यांचा, मनगट कैद्याचे.

खेळाडूंचा राग मात्र कोणावर होता? पैसे मोजून तयार तलवार घेणाऱ्या आपल्यातल्याच धनिकावर नव्हे. तो होता चिनी मजुरावर. खेळात टोळ्या करून या मजुरांना गाठायचे, वंशवाचक शिव्या द्यायच्या, त्यांना ‘ठार’ मारून त्यांची पाळी वाया घालवायची, हा कित्येकांचा छंदच होऊन बसला. ज्या देशाने १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला, त्या देशाच्या करमणुकीत तोच द्वेष सव्वाशे वर्षांनी पुन्हा उगवला.

आता कंपन्यांची नीतिमत्ता पाहावी. ब्लिझार्ड ही वॉरक्राफ्टची मालक कंपनी. वस्तू विकणे म्हणजे खेळाशी द्रोह, असे म्हणून तिने हजारो खाती बंद केली. त्याच कंपनीने २०१२ मध्ये ‘डायब्लो ३’ या खेळात खऱ्या पैशांचा लिलाव स्वतःच उघडला आणि प्रत्येक व्यवहारात आपली दलाली ठेवली. तो लिलाव मार्च २०१४ मध्ये गुंडाळावा लागला, हे खरे. पण २०१५ मध्ये हीच कंपनी वॉरक्राफ्टमध्ये वीस डॉलरचे ‘टोकन’ विकू लागली. गिऱ्हाइकाने ते घ्यावे आणि खेळातल्या सोन्याच्या मोबदल्यात दुसऱ्या खेळाडूला द्यावे. इतरांनी केले तर पाप, मालकाने केले तर सेवा!

कोकणातल्या माणसाला हे नाते समजावून सांगावे लागू नये. कुळाने खडक फोडावा, खाजणाला बांध घालावा, पिढ्यानपिढ्या जमीन कसावी. नाव मात्र खोताचे आणि लहर लागली की कूळ बाहेर. खेळाच्या करारपत्रात, जे कोणी वाचत नाही, नेमके हेच लिहिलेले असते. खेळाडूला मिळालेली कोणतीही वस्तू त्याची नाही, वापराची परवानगी तेवढी त्याची, आणि ती परवानगी काढून घेण्याचा अधिकार कंपनीचा. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये बंदुकांचे रंगीत वेष्टन विकले जाते. कंपनीच्या बाजारपेठेत प्रत्येक सौद्यावर सुमारे १५ टक्के कापले जातात, आणि उरलेला पैसा विक्रेत्याला बाहेर काढता येत नाही. तो कंपनीच्याच दुकानात खर्चावा लागतो. खोतानेही वाण्याचे दुकान इतक्या बेमालूमपणे चालविले नसेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये या कंपनीने एक नियम बदलला आणि दुर्मिळ चाकू मिळविणे सोपे केले. बाजारावर नजर ठेवणाऱ्यांच्या अंदाजानुसार दोन दिवसांच्या आत जवळजवळ दोन अब्ज डॉलरचे मूल्य विरून गेले. ना सुनावणी, ना नोटीस.

भांडवलदारी जगाने यावर शोधलेला उपाय म्हणजे ‘खेळा आणि कमवा’. वस्तू खेळाडूच्या मालकीची राहील असे वचन देऊन व्हिएतनामच्या एका कंपनीने ‘ॲक्सी इन्फिनिटी’ हा खेळ काढला. २०२१ च्या महासाथीत काम गेलेले हजारो फिलिपिनी त्यात शिरले. पण खेळ सुरू करायलाच तीन प्राणी विकत घ्यावे लागत, आणि तेवढे पैसे हाताशी नसत. मग प्राणी उसने देणारे ‘मॅनेजर’ आले आणि कमाईचा वाटा घेऊ लागले. मराठीत याला बटाई म्हणतात. तेथे घेणाऱ्याला ‘स्कॉलर’ हे भारदस्त नाव मिळाले. जुलै २०२१ मध्ये तीस सेंटहून वर गेलेले त्या खेळाचे नाणे पुढल्या वर्षी एका सेंटच्याही खाली आले. मार्च २०२२ मध्ये त्याच्या जाळ्यातून साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीला गेली. नवे येणारे जुन्यांना पोसतात तोवर चालणाऱ्या धंद्याला अर्थशास्त्रात जुने नाव आहे, पण त्या वर्षी ते कोणी उच्चारले नाही.

कोणी म्हणेल, गरीब देशातल्या तरुणाला काम तर मिळते ना? जागतिक बँकेसाठी २०११ मध्ये झालेल्या एका अहवालाचा सूर असाच होता. त्याने या धंद्याची २००९ मधील उलाढाल सुमारे तीन अब्ज डॉलर धरली, आणि कॉफीच्या तुलनेत यातला मोठा हिस्सा गरीब देशांत राहतो, असा निर्वाळा दिला. देशात राहिला म्हणजे मजुराच्या हाती पडला, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. कॉफीच्या मळ्याचा मालकही त्याच देशात राहतो.

भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली. जाहिरातदारांचा आणि बँकांचाही त्यात विचार आहे. इतरांसाठी रात्र जागून खाते ‘वाढवून’ देणाऱ्या मुलाचा त्यात उल्लेख नाही. त्याला मालक एक नाही, ठिकाण ठरलेले नाही, मजुरी नगावर. म्हणून त्याच्यासाठी कायदा करणे अशक्य, असे उत्तर मिळेल. महाराष्ट्राला हे उत्तर नवे नाही. १९६९ पूर्वी हमालांबद्दल हेच सांगत. त्याच वर्षी माथाडी कायदा झाला. मंडळे स्थापन झाली, मालक आणि मजूर दोघांचीही नोंद होऊ लागली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि तिच्यावरच्या लेव्हीतून रजा, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी यांची सोय झाली. जे यंत्र प्रत्येक सौद्यातून १५ टक्के क्षणार्धात कापून घेते, त्या यंत्राला लेव्ही कापणे जमणार नाही, असे ज्याला वाटत असेल त्याने ते एकदा मशीद बंदरला जाऊन पाठीवर पोते असलेल्या माथाड्यासमोर म्हणून दाखवावे.