उपस्थाता कोठे हरवला?

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वैद्यांची कामाची वेळ रेल्वेचे वेळापत्रक ठरवते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. रुग्ण सकाळी लवकरच मुंबईच्या गाडीत चढलेला असतो आणि संध्याकाळी सातनंतर उतरतो. दुपारी ओस पडलेला दवाखाना साडेसातला एकाएकी भरून जातो. त्या अडीच-तीन तासांत आपल्यापैकी कित्येक जण एकटेच नाडी पाहतात, केसपेपर लिहितात, पुड्या बांधतात, अनुपान समजावतात, पैसे घेऊन सुटे परत देतात आणि मध्येच वाजणारा दूरध्वनीही उचलतात. ज्यांचे स्वतःचे औषधालय आहे, त्यांच्यामागे याखेरीज घाऊक विक्रेत्यांची बिले, मुदत संपत आलेला साठा व वस्तू-सेवा कराची विवरणपत्रे असतातच. 22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवरील हा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. रुग्णाच्या दृष्टीने ते इष्टच झाले. परंतु शिल्लक मालाच्या किमतींचा फेरहिशेब रात्री दहानंतर कोणी केला, असे कोणाही औषधालय-मालकास विचारून पाहावे. 'मीच', असेच उत्तर बहुधा येईल.

या 'मीच'चा आपल्याला थोडा अभिमानही असतो. हातगुण, पेढीची परंपरा, रुग्णाचा विश्वास असे मोठे शब्द त्यासाठी वापरले जातात. परंतु एकट्याने सर्व करणे ही शास्त्राची परंपरा आहे काय? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय, खुड्डाकचतुष्पाद, आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद. त्यांत वैद्य प्रधान खरा; पण तो एकच पाद आहे. उपस्थात्याचे जे चार गुण सांगितले आहेत, त्यांपैकी दाक्ष्य आणि शौच हे दोन शब्दशः वैद्याच्याही गुणांत येतात. म्हणजे निम्म्या बाबतीत दोघांना एकच माप लावले आहे. पुढे पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात तर शोधनापूर्वीच्या सिद्धतेत अन्न शिजवणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णाला उठवणारे-निजवणारे आणि औषधे वाटणारे असे निरनिराळे परिचारक मोजले आहेत. औषध वाटण्याचे काम वैद्याने स्वतः करावे, अशी अपेक्षा तेथे दिसत नाही.

व्यवहाराकडे पाहिले तरी हेच दिसते. पनवेलच्या पुराणिक घराण्याने 1872 साली श्री धूतपापेश्वरची स्थापना केली, 1899 मध्ये सांडू बंधूंचा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून भस्मे, रसकल्प, आसवारिष्टे ही कामे क्रमाक्रमाने वैद्याच्या घरातून कारखान्यात गेली. पुढे 2000 साली आलेल्या अनुसूची 'टी'ने कारखान्यांना उत्तम निर्मितीचे नियम घालून दिले. शोधन-मारणासारखे अत्यंत जोखमीचे कर्म आपण आज न पाहिलेल्या माणसांवर विश्वासून सोपवतो, आणि त्याच गोळ्या मोजून पाकिटात भरण्याचे काम मात्र समोर उभ्या असलेल्या मदतनिसावर सोपवण्यास कचरतो. मला तरी याची संगती लागत नाही.

'मुलगा ठेवला होता, सहा महिन्यांत गेला', अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती खरी आहे. पण त्या सहा महिन्यांत त्याला काय शिकवले, हेही पाहावे लागेल. उपस्थात्याचा पहिला गुण उपचारज्ञता आहे. ती जन्मतः येत नाही, शिकवावी लागते. आपण मात्र त्याला केर काढायला आणि चहा आणायला सांगतो व वर्षभराने म्हणतो की, याच्यावर काही सोपवता येत नाही. दुसरे असे की, जी रेल्वे आपली संध्याकाळ कोंदटून टाकते, तीच एक सोयही करून देते. गर्दीच्या लोकलमध्ये लोंबकळण्यापेक्षा घराजवळ चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, असे म्हणणारी शिकलेली माणसे, विशेषतः गृहिणी, आपल्याच गल्लीत आहेत. संध्याकाळच्या तीन तासांपुरते येणारे माणूसही पुष्कळ भार हलका करते. मात्र 'चार पैसे कमी' याचा अर्थ फुकट नव्हे, हे आपल्या व्यवसायबांधवांस निराळे सांगावे लागते!

काय सोपवावे आणि काय सोपवू नये, याची रेघ ठळक हवी. नाव-नोंदणी, नंबर, बिल, साठ्याची वही, मुदतीच्या तारखा, छापील पथ्यपत्रक देणे, पाकिटावर रुग्णाचे व औषधाचे नाव घालणे ही सारी कामे दुसऱ्याने करावीत. कराची विवरणपत्रे तर हिशेबनीसानेच करावीत. निदान, औषधयोजना, मात्रा आणि त्यांतील बदल वैद्याकडेच राहावेत. औषधालयाच्या फळीवर याबाबत फार ढिलाई दिसते. संपलेल्या गोळीऐवजी 'हीसुद्धा तशीच आहे' म्हणून दुसरी पुढे केली जाते. वत्सनाभ, कुचला, धत्तूर, भल्लातक ही द्रव्ये औषध नियमांच्या अनुसूची 'ई(1)'मध्ये आहेत; त्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. मदतनिसाने असे कल्प केसपेपर पाहिल्याशिवाय देऊ नयेत व पर्याय कधीच सुचवू नये. हा नियम लेखी असावा आणि कपाटाच्या आतल्या बाजूस चिकटवलेला असावा.

रात्री पावणेदहाला, पन्नासाव्या रुग्णाच्या पुड्या बांधताना वैद्याचा हातही थकतो. मोठ्या डब्यातून काढलेल्या दोन काळ्या वट्या पाकिटावर नाव नसेल तर सारख्याच दिसतात. ताज्या डोळ्यांचे दुसरे माणूस तेथे असणे ही चैन नव्हे, रुग्णाची सुरक्षितता आहे. आणखी एक गोष्ट बोलणे अवघड, पण आवश्यक आहे. आपली मुले पदवी घेऊनही पेढीवर बसण्यास नाखूश असतात. आयुर्वेदावर त्यांचा रोष नसतो. वडिलांना रविवारीही जेवणाच्या ताटावरून उठताना त्यांनी पाहिलेले असते.

म्हणून संघटनेने औषधालय-मदतनिसांसाठी दोन रविवारांचा वर्ग ठाणे व डोंबिवली येथे आळीपाळीने घ्यावा, अशी माझी सूचना आहे. द्रव्यांची ओळख, पाकिटावरील लेखन, साठ्याची वही, अनुसूची 'ई(1)' आणि रुग्णाशी बोलण्याची रीत एवढे विषय पुरेत. निवृत्त ज्येष्ठ वैद्यांनी शिकवावे. वर्गास मालकांनी येऊ नये. मदतनिसाला पाठवावे आणि ते दोन रविवार त्याचा पगार कापू नये.