विश्लेषण : ‘नकुशी’ हे नाव आले कुठून आणि गेले कुठे?

साताऱ्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी एक आगळेच बारसे झाले. जिल्ह्यातील २८५ मुलींनी ‘नकुशी’ हे नाव टाकून नवे नाव घेतले. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री. या नामकरणाची दखल देशाबाहेरही घेतली गेली. त्यातल्या अनेक जणी आता सज्ञान झाल्या आहेत. तरीही हे नाव इतिहासजमा झाले, असे म्हणता येत नाही.

नावाचा अर्थ काय?

‘नको’वरून ‘नकोसा’ हे विशेषण झाले. त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘नकोशी’ आणि बोलीत ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’. मुलाची वाट पाहणाऱ्या घरात तिसरी-चौथी मुलगी जन्मली की तिला हे नाव दिले जाई. असे नाव ठेवले की पुढच्या खेपेला मुलगा होतो, ही त्यामागची समजूत. म्हणजे नाव मुलीचे, पण त्यातली प्रार्थना न जन्मलेल्या भावासाठी.

मग दगडू, धोंडू ही नावे?

तीही वरवर हलकीच वाटतात. पण मुले दगावत त्या घरात, वाचलेल्या मुलाला दृष्ट लागू नये, काळाचे लक्ष जाऊ नये म्हणून ती ठेवली जात. मूल हवे म्हणून ‘दगडू’ आणि मूल नको म्हणून ‘नकुशी’. दोन्हींना एकाच अंधश्रद्धेच्या खात्यात टाकणे त्यामुळे चुकीचे ठरते. पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात नकार.

ही प्रथा फक्त महाराष्ट्रातली?

नाही. तमिळमध्ये ‘वेंडाम’ म्हणजे ‘नको’, बंगालीत ‘आन्नाकाली’ म्हणजे ‘आणखी नको गं काली’, राजस्थानात ‘धापू’ म्हणजे ‘पोट भरले, पुरे’. चीनमधील ‘झाओदी’ या नावाचा अर्थ तर ‘धाकट्या भावाला घेऊन ये’ असाच होतो. भाषा बदलते, मागणी तीच राहते.

नाव बदलल्याने काय साधले?

बरेच काही. शाळेच्या हजेरीत रोज ‘नकोशी’ अशी हाक ऐकत मोठे होणे ही रोजची शिक्षा होती, ती थांबली. पण नाव मागे पडले म्हणून नकार मागे पडला, असे आकडे सांगत नाहीत. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१मध्ये ९४६ मुली होत्या. २००१मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा १९८८चा, देशाचा १९९४चा. तरीही ही घसरण झाली. पूर्वी नकोशी मुलगी निदान जन्माला येई आणि नाव घेऊन जगे. सोनोग्राफी यंत्राचा गैरवापर सुरू झाल्यावर नाव ठेवण्याची वेळच येईना.

आता काय हवे?

१ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय राज्याने घेतला. निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र ज्या स्त्रीच्या कागदपत्रांवर आजही ‘नकुशी’ आहे, तिचे हे नाव आता तिच्या लेकरालाही जन्मभर लिहावे लागेल. शाळेचा दाखला, आधार, शिधापत्रिका, राजपत्र अशा खेटा घालायला मजुरी बुडवून जाणे प्रत्येकीला परवडत नाही. अशा स्त्रियांना शोधून, गावातच शिबिर भरवून, विनाशुल्क नाव बदलून देणे प्रशासनाला अवघड नाही. साताऱ्याने ते एकदा करून दाखवले आहे.

कागद सरकार बदलू शकेल. चौथ्या मुलीच्या जन्माला पेढे वाटायचे की नाही, हे मात्र घरातच ठरते. ‘नकुशी’ खरोखर कधी संपेल, याचे उत्तरही तिथेच आहे.